लॅब आणि पग: विम्यात जातीमुळे नेमकं काय अडतं?

भुसावळचा_पग
घरात दोन कुत्रे आहेत: आठ महिन्यांचा लॅब (लॅब्राडोर) आणि तीन वर्षांचा पग. दोघांचा विमा काढायचाय. एजंट म्हणतो, जातीचा फरक फक्त हप्त्यात पडतो, कव्हर सारखंच. पण कागदात ‘आनुवंशिक व जन्मजात आजार वगळून’ असं आहे. लॅबचे खुबे आणि पगचा श्वास यात येतात का? फॉर्मआधी काय तयारी करावी?

तापीकाठ
भाऊ, एजंटने अर्धंच सांगितलं. हप्ता आकारावर ठरतो, हे खरं. ग्रेट डेनसारख्या महाकाय जातींना काही कंपन्या विमा काढायची वयोमर्यादाही कमी ठेवतात, कारण त्यांचं आयुष्यच कमी.

पण मेख तुम्हाला दिसलेल्या त्या ओळीतच आहे. तिथे जातीचं नाव नसतं, तरी ती प्रत्येक जातीला वेगळी लागते. लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर म्हटलं की हिप डिस्प्लेसिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं), डॅशहुंडला मणक्याची गादी सरकणं, डॉबरमनला हृदयाचा स्नायू कमजोर होणं, पगला अरुंद नाकपुड्या आणि लांब टाळू, म्हणून श्वासाचा त्रास. गावठीला हे तुलनेने कमी, म्हणून तेवढ्याच हप्त्यात त्याचं कव्हर जास्त कामाचं. (हे पिल्लू घेण्याआधी कुणी सांगत नाही.)

लॅब सशासारख्या उड्या मारत पळतो का, उठताना मागचा भाग जड वाटतो का, हे बघा. या वयात खुण दिसू शकते. भूल देऊन खुब्यांचा एक्स-रे काढला आणि दोष निघाला, तर तो फॉर्ममध्ये लिहावाच लागेल. लपवला तर पुढे सगळाच क्लेम अडकतो. एक्स-रे स्वच्छ निघाला, तर तारखेसकट पुरावा हातात राहतो. ‘दोन्ही बाजूंचा’ नियमही विचारा: पॉलिसीआधी एका गुडघ्याचं लिगामेंट तुटलेलं असेल, तर काही ठिकाणी दुसरा गुडघाही वगळतात.

पगचं वेगळं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि आखूड तोंडाचा कुत्रा धापा टाकून अंग नीट थंड करू शकत नाही. उष्माघाताच्या केसपेपरवर ‘जन्मजात श्वसनदोषामुळे’ एवढंच आलं, की क्लेम गेलाच समजा. डॉक्टरांनी दिसलं ते लिहावं: अंगाचं तापमान, बाहेरचं तापमान, वेळ, दिलेले उपचार. तपासणी न करता कारणाचा अंदाज नको. खोटं काही लिहायचं नाही, अर्धवटही नाही.

धुळे_पेट_डेस्क
वरच्यात भर. फॉर्मवरची जात आणि लसीकरणाच्या कार्डावरची जात एकच हवी. एकीकडे ‘लॅब’, दुसरीकडे ‘लॅब क्रॉस’ असेल तर ओळखीवरूनच वाद होतो. मायक्रोचिप बसवा. 15 अंकी नंबर फॉर्म, कार्ड आणि प्रत्येक बिलावर घाला. चिप नसेल तर समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खास खुणांचे फोटो ठेवा.

रेबीज, पार्वो, डिस्टेंपर, लेप्टोचा बूस्टर चुकला तर त्या आजाराचा क्लेम बहुधा मिळत नाही. गोचिडतापाला जात लागत नाही, पण जर्मन शेफर्डमध्ये एर्लिकिया (गोचिडतापाचा एक प्रकार) जास्त बिघडतो. त्याच्यासाठी प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यावर क्लेम न मिळणारे सुरुवातीचे दिवस) किती, हे आधी विचारा. आणि को-पे (बिलातला आपला वाटा) बघा: बिल 40,000, को-पे 20 टक्के, तर 8,000 खिशातून. शस्त्रक्रियेसाठी नाशिकला न्यावं लागलं तर गाडीखर्च वेगळा, तो मिळेलच असं नाही.

भुसावळचा_पग
एजंटला ईमेल टाकतो: ‘पगच्या उष्माघाताचा आणि लॅबच्या हिप डिस्प्लेसियाचा खर्च मिळेल का, हो की नाही?’

तापीकाठ
एजंटला नाही, कंपनीच्या अधिकृत ईमेलवर, आणि पॉलिसीचं कलम क्रमांक टाकून. उत्तर जपून ठेवा. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात समाधान झालं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे. तक्रारीला नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत, आणि त्याला फी लागत नाही.