संदेष्टेपणाचं दान आजही आहे का?

नगरची लेक:
माझ्या मावशीच्या बायबलमध्ये एक चिठ्ठी आहे. तीन वर्षांपूर्वी एका सभेत बाहेरगावच्या सेवकाने, म्हणजे प्रचारकाने, तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "प्रभू म्हणतो, पुढच्या नाताळच्या आत मांडीवर नातू खेळेल." तिने तारीख घालून ते लिहून ठेवलं. नाताळ येऊन गेले, पाळणा हलला नाही. आता म्हणते, माझाच विश्वास कमी पडला. माझं म्हणणं, देवाकडून थेट संदेश मिळून तो सांगण्याचं हे दान प्रेषितांबरोबरच, म्हणजे येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांबरोबरच, संपलं. बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात (२:२०) प्रेषित आणि संदेष्टे यांना पाया म्हटलंय. पाया एकदाच घालतात.

अनुग्रह:
मावशींचं वाचून जीव तुटला. पण एकजण चुकला म्हणून दानच बंद झालं, हे पटत नाही. करिंथकरांचं पहिलं पत्र, अध्याय १३ सांगतं की पूर्ण ते येईल तेव्हा अपूर्ण नाहीसं होईल, आणि तेव्हा आपण समोरासमोर पाहू. ते पाहणं अजून व्हायचंय. केडगावचं १९०५चं संजीवन, ती आध्यात्मिक जागृती आठवा. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनातल्या मुली रडत पापं कबूल करत होत्या, पुढे काहीजणी प्रार्थनेत, कधी न शिकलेल्या अन्य भाषांत बोलू लागल्या. अशा दानांवर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीची सुरुवात मानतात त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या सभा त्यानंतरच्या, १९०६च्या. या मुलींना खोटं कसं म्हणू?

नगरची लेक:
खोटं नाहीच म्हणत. पण रमाबाई शेवटपर्यंत कशात गुंतल्या होत्या? हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यात. १९२२ला गेल्या, ते १९२४ला छापून आलं. बायांना देवाचा शब्द स्वतः वाचता यावा, हीच तळमळ.

अनुग्रह:
त्याच आवारात छापखानाही होता आणि प्रार्थनाही. रमाबाईंनी एकासाठी दुसरं बंद केलं नाही.

जुना सभासद:
मी अनुग्रहच्या बाजूचा, तरी दोष आमच्याकडे जास्त आहे. थेस्सलनीकाकरांचं पहिलं पत्र, अध्याय ५ म्हणतं, संदेश तुच्छ मानू नका, आणि लगेच पुढे, सगळ्याची पारख करा. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौल सांगतो, दोघा-तिघांनी बोलावं, बाकीच्यांनी पारखावं. आमच्या सभांत पारखतं कोण? माइक हातातून सुटला की सेवक गाडीत बसून निघून जातो. दुसऱ्या शतकात फ्रुगियात, आजच्या तुर्कस्तानात, स्वतःला संदेष्टा म्हणवणाऱ्या मोंतानसने नव्या यरुशलेमची जागासुद्धा सांगितली होती. मंडळ्यांनी ते तपासून नाकारलं. उलट प्रेषितांच्या काळात अगब या संदेष्ट्याने दुष्काळ येणार असं सांगितलं तेव्हा अंत्युखियाच्या शिष्यांनी यहूदियातल्या भावांना मदत पाठवली. त्या संदेशाने भुकेल्यांची सोय झाली. तुझ्या मावशीच्या वाट्याला काय आलं, तर स्वतःलाच बोल लावणं.

नगरची लेक:
दान चालू आहे हे मला अजूनही पटत नाही, काका. पण तपासायचं कुणी, यावर आपलं एकमत आहे. मग तिला सांगायचं कुणी?

जुना सभासद:
तुमच्या पाळकांनी. घरी जाऊन, चिठ्ठी समोर ठेवून. अनुवाद या पुस्तकातलं १८:२२ तिच्याच बायबलमधून वाचावं: बोललेलं घडलं नाही, तर तो शब्द परमेश्वराचा नव्हता, त्या माणसाला भिऊ नको. ते टाळत असतील तर मी येतो.

अनुग्रह:
मीही येते.