गप्पीचा धीटपणा मोजायचाय, मदत हवी आहे

माझ्या टाकीत १२ गप्पी मासे आहेत. झाकण उचललं की शेपटीवर काळा ठिपका असलेला एक नर सगळ्यांच्या आधी वर येतो. दुसरा मात्र खाणं तळाला बसेपर्यंत पाणवनस्पतींतून हलत नाही. रोज हेच! प्रयोगांत शिकारी माशाजवळ जाऊन डोकावणारे गप्पी जास्त मारले गेले. पण १९९६ च्या अभ्यासात माद्यांनी धीट नरच पसंत केले. मग भित्र्यांचा वंश टिकतो कसा? हे मला मनापासून समजून घ्यायचंय. टाकीत नवी वस्तू ठेवून, कोण किती वेळात जवळ येतो ते मोजतोय. हा स्वभावच आहे, नुसती भूक नाही, हे कळायला किती दिवसांनी पुन्हा मोजू? कुणी असं केलंय का?