रोमहून एका दिवसात ऑर्व्हिएतो: आईच्या गुडघ्यांना झेपेल का?

महालकर_नागपूर
एप्रिलमध्ये रोमला आहोत, एक रविवार मोकळा आहे. ऑर्व्हिएतो आणि चिविता दी बान्योरेज्यो ही दोन गावं एकाच दिवशी जमतील का? आई सोबत आहे, गुडघे दुखतात. तिथली ती खोल विहीर तिला बघायचीच आहे.

धंतोलीचा_वाटाड्या
रविवारी चिविता सोडा. ऑर्व्हिएतोहून बान्योरेज्योला (चिविताच्या शेजारचं गाव) जाणारी बस रविवारी नसते. शिवाय चिवितात शिरायचा शेवटचा पादचारी पूल सुमारे ३०० मीटरचा, आणि गावाजवळ चांगलाच चढाचा. चिकणमातीवर टफ (ज्वालामुखीच्या राखेचा) दगड, पावसाने खालची माती वाहते आणि वरचा दगड कोसळतो. गाव आक्रसत चाललंय ते त्यामुळेच.

ऑर्व्हिएतोला मात्र खुशाल जा. रोम टर्मिनीहून साधी रेजिओनाले (प्रादेशिक) गाडी सव्वा ते दीड तास घेते. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये छापून घ्या, नाहीतर दंड बसतो. गाव कड्यावर, स्टेशन पायथ्याशी. स्टेशनसमोरच फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी चढाची रेल्वे) आहे, चढायची गरजच नाही.

बारव_वेडा
विहिरीबद्दल सांगतो. फ्युनिक्युलर वर जिथे सोडते, तिथून ती अगदी जवळ आहे. १५२७ मध्ये रोमची लूट झाल्यावर पोप क्लेमेंट सातवे इथे आले. वेढा पडला तर पाणी हवं म्हणून आंतोनियो दा सांगालो धाकटा याच्याकडून ती खोदून घेतली, १५३७ ला पूर्ण. खोली पन्नास मीटरच्या वर. दोन गोल जिने एकमेकांभोवती फिरतात पण कुठेच मिळत नाहीत. खेचरं एकाने उतरायची, तळाच्या पुलावरून दुसऱ्याने वर यायची, समोरासमोर कोंडी नाही. आपल्याकडच्या बारवेत ही सोय नाही, राजेहो!

पण पायऱ्या २४८. उतरताना तेवढ्या, चढतानाही तेवढ्याच, लिफ्ट नाही. पायऱ्या रुंद आणि बुटक्या असल्या तरी दगड ओलसर असतो. आईंना वरच बसवा.

महालकर_नागपूर
मग आईसाठी काय ठेवू?

धंतोलीचा_वाटाड्या
ड्युओमो, म्हणजे तिथलं मुख्य चर्च. फ्युनिक्युलरच्या वरच्या थांब्यावरून बस मिळते, चालायचं नसेल तर तीच घ्या. मुखभाग पश्चिमेकडे, म्हणून मोझाइक दुपारनंतर उजळतात; सकाळी सावलीत असतात. बाजूच्या भिंतींवर बेसॉल्ट आणि ट्रॅव्हर्टिन या दगडांचे काळे-पांढरे पट्टे. आत सान ब्रित्सिओ चॅपलमध्ये लुका सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं नक्की दाखवा. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा फिरायला मिळत नाही. खांदे-गुडघे झाकलेले असू द्या.