मदत हवी आहे: पणजोबांच्या आधीची नावं कुठे सापडतील?

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे, पण मूळ गाव अक्कलकोटकडचं आहे एवढंच घरात माहितीये. आजी (वय 88) सांगते की मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीत पणजोबांचे आईबाप दोघंही गेले आणि चुलत्यानं त्यांना इकडं जुन्या मिलमध्ये कामाला आणलं, म्हणजे हे 1918 च्या आसपासचं असणार. गावाचं नाव मात्र आजी दरवेळी वेगळं सांगते, आणि मोठी आत्या म्हणते आजीला काय आठवतंय, मी सांगते ते खरं 😅

पुरावा म्हणाल तर आजोबांचा शाळेचा दाखला आणि एक पितळी घागर. घागरीच्या काठावर ठोकून नाव घातलंय पण ते कानडीत, अर्धं झिजलेलं. फोटो काढून शेजारच्या काकूंना दाखवला तर त्यांना शेवटची दोनच अक्षरं लागली.

तहसीलला जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींचं, म्हणजे कोतवाल बुकाचं विचारलं, तर म्हणाले आधी गाव सांगा, मग बघू. अहो तेच तर शोधतोय! शिवाय 1948 पर्यंत अक्कलकोट संस्थान होतं, मग त्यावेळची कागदपत्रं तिथंच असतात का सोलापूरला आणली?

अजून दोन गोष्टी. पंढरपूरला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्यांत नुसत्या आडनावावरून शोधून देतात का, की गाव लागतंच? आणि सोलापुरात मोडी वाचून देणारं कुणी आहे का, पैसे देऊ. आजी आहे तोवर करायचंय, कृपया लवकर सांगा.