लंडन : ‘अजून किती चालायचे?’ असे विचारणाऱ्या मुलांसोबत एक आठवडा

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. मे महिन्याच्या उत्तरार्धात आम्ही आठवडाभर लंडनला जाणार आहोत. सोबत आठ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि माझे सासरे आहेत. दोन्ही मुले धावण्याखेळण्यात कधी दमत नाहीत. मात्र ‘बघायला’ म्हणून कुठे नेले की त्यांचे पाय लगेच दुखू लागतात. दिवाळीच्या सुट्टीत अजिंठ्याला दुसऱ्या लेण्यानंतर मुलीने बाहेरच्या कट्ट्यावर ठाण मांडले होते. लंडनच्या यादीत ब्रिटिश म्युझियम, टॉवर ऑफ लंडन, बकिंगहॅम राजवाड्यासमोरील पहारेबदल, विज्ञान व नैसर्गिक इतिहास ही दोन संग्रहालये आणि ग्रिनिच आहे. शिवाय सासऱ्यांना डॉ. आंबेडकर विद्यार्थिदशेत जेथे राहिले ते घर आणि कोहिनूर, या दोन गोष्टी पाहायच्याच आहेत. मुलांची रडारड न होता यातले काय साधेल आणि काय सोडून द्यावे, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया लिहावे.

थेम्सकाठ

मी येथेच राहतो आणि भारतातून येणाऱ्या नातेवाइकांच्या मुलांना उन्हाळ्यात फिरवण्याचे काम बहुधा माझ्याकडेच येते. यादीला हात लावण्यापूर्वी घड्याळाचा विचार करावा, असे सुचवतो. मे महिन्यात लंडन भारताच्या साडेचार तास मागे असते. त्यामुळे पहिले काही दिवस मुले पहाटे तीन-चारला जागी होतील आणि येथे दुपारचे चार वाजतील तेव्हा त्यांच्या शरीराच्या हिशेबाने रात्रीचे साडेआठ झालेले असतील. आपण ज्याला हट्ट म्हणतो तो पुष्कळदा निव्वळ झोपेचा असतो. बहुतेक संग्रहालये दहाला उघडतात, पण हाइड पार्क पहाटे पाचपासून खुले असते. म्हणून सकाळी आधी तेथे मनसोक्त धावू द्यावे, दहाच्या ठोक्याला एकच ठिकाण गाठावे आणि तीनपर्यंत मुक्कामी परतावे. संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असल्याने मोठ्यांना बाहेर पडण्याचा मोह होतो. तेव्हा मुलांपाशी एकाने थांबावे आणि दुसऱ्याने सासऱ्यांबरोबर फिरून यावे.

दोन संग्रहालयांपैकी एकच निवडायचे झाल्यास माझे मत नैसर्गिक इतिहासाला आहे. १८८१ साली उघडलेल्या त्या इमारतीच्या मुख्य दालनात २०१७पासून निळ्या देवमाशाचा २५ मीटरहून लांब सांगाडा डोक्यावर टांगलेला आहे आणि तो पाहण्यासाठी मुलांना काहीही समजावून सांगावे लागत नाही. पुढे डायनासोर पाहून बाहेर पडावे. प्रवेश विनामूल्य आहे, तरी वेळ आधी आरक्षित करावी. तिकिटाचे पैसे गेलेले नसल्यामुळे तासाभरात बाहेर पडताना जीवही तुटत नाही, आणि मुलांसोबत फिरताना ही मोठी सोय आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येथील शाळांना सत्राच्या मधली सुट्टी असते. शक्य असल्यास त्याआधीचे दिवस या संग्रहालयासाठी ठेवावेत, अन्यथा रांगेतच मुले कंटाळतील.

दुपारचा चहा

वरील सल्ला उपयुक्त आहे; मात्र सर्वच गोष्टी मुलांच्या कलाने घ्याव्यात, हे मला पटत नाही. आठ वर्षांच्या मुलीला आजोबांसाठी अर्धा तास शांत राहणे जमते आणि जमायलाही हवे. अट एवढीच की तो अर्धा तास खरोखर अर्ध्या तासाचाच असावा आणि तो केव्हा संपणार हे तिला आधी सांगितलेले असावे. ‘आता थोडेच राहिले’ असे दर दालनात म्हणणारे आईवडील स्वतःच आपली पत घालवतात.

ब्रिटिश म्युझियममध्ये याच पद्धतीने जावे. मुलांसाठी ६२ आणि ६३ क्रमांकांच्या दालनांतील इजिप्तच्या ममी आणि मोठ्यांसाठी अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे, एवढेच ठरवून आत शिरावे आणि बाकीचे दिसले तरी थांबू नये. तेथून पायी जाण्याइतक्या अंतरावर कोरम्स फील्ड्स हे मुलांचे मैदान आहे. थॉमस कोरम यांनी १७३९ साली स्थापन केलेल्या अनाथालयाच्या जागेवर ते उभे आहे आणि तेथे मूल सोबत असल्याखेरीज प्रौढांना प्रवेश मिळत नाही. हा नियम मुलांना अवश्य सांगावा. आपल्यामुळे आईबाबांना आत घेतले, याचा त्यांना विलक्षण आनंद होतो.

कोहिनूरसाठी टॉवर उघडताच थेट जवाहिरखान्याकडे जावे, कारण नंतर रांग वाढत जाते. राणी एलिझाबेथ यांच्या मातोश्रींच्या मुकुटात तो बसवलेला आहे आणि मुकुटांसमोरून सरकत्या पट्ट्यावर उभे राहून जावे लागते. सासऱ्यांना हिरा आणि मुलांना पट्टा, अशी वाटणी आपोआप होते. तेथील डोमकावळे सोडून गेले तर राज्य कोसळेल अशी दंतकथा असल्यामुळे किमान सहा कावळे कायम पाळले जातात. ते शोधून मोजण्याचे काम मुलाकडे द्यावे.

रुळावरून

माझ्या मते लहान मुलांसाठी लंडनमधील सर्वोत्तम प्रेक्षणीय गोष्ट म्हणजे तेथील वाहने. आपण प्रवासाला दोन स्थळांमधील वाया गेलेला वेळ समजतो, मुलांचे नेमके उलटे असते. भाडे भरणाऱ्या प्रौढासोबत अकरा वर्षांखालील मुलांना भुयारी रेल्वे आणि बस दोन्ही विनामूल्य आहेत, त्यामुळे खर्चाचाही प्रश्न नाही. टॉवरहून १५ क्रमांकाच्या दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसावे. सेंट पॉल्स, फ्लीट स्ट्रीट आणि ट्रॅफल्गर चौक असे निम्मे लंडन पाय न दुखता दिसते.

ग्रिनिचला जाताना बँक स्थानकातून लुईशमकडे जाणारी डीएलआर (डॉकलँड्स लाइट रेल्वे) गाडी पकडावी. तिला समोर चालकाची बंद खोली नसल्याने पहिल्या डब्यात पुढच्या काचेशी बसलेल्या मुलाला आपणच गाडी चालवत असल्यासारखे वाटते. नदीअलीकडे आयलंड गार्डन्सला उतरून १९०२ साली खुल्या झालेल्या पादचारी बोगद्यातून थेम्सच्या खालून चालत पलीकडे निघावे. आजोबांचे गुडघे दुखत असतील तर लिफ्टही आहे. मुलीच्या हाती भुयारी रेल्वेचा नकाशा द्यावा आणि कोठे गाडी बदलायची ते तिला ठरवू द्यावे. हॅरी बेक यांनी आखलेल्या आणि १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या नकाशाची ती सरळ, रंगीत रेषांची रचना आठ वर्षांच्या मुलालाही वाचता येते.

पायवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विज्ञान संग्रहालय यादीतून वगळले आहे. पहारेबदल पाहावा की तोही सोडावा? आणि डॉ. आंबेडकरांच्या घराचे काय करावे?

थेम्सकाठ

राजवाड्यासमोरचा पहारेबदल सोडावा. चांगली जागा मिळवायची तर बराच आधी जाऊन गर्दीत उभे राहावे लागते आणि तरीही मुलांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात. त्याऐवजी हॉर्स गार्ड्सच्या मैदानावर अकरा वाजता, रविवारी दहाला, घोडेस्वारांचा पहारा बदलतो. तेथे घोडे जवळून दिसतात. मेअखेरीस राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाच्या तालमी याच मैदानावर होत असल्याने आदल्या दिवशी वेळापत्रक पडताळून घ्यावे. शेजारच्या सेंट जेम्स पार्कमध्ये पाणकोळी आहेत आणि दुपारी अडीचच्या सुमारास त्यांना मासे खाऊ घालतात.

डॉ. आंबेडकरांचे घर १०, किंग हेन्रीज रोड येथे आहे. १९२१-२२ मध्ये ते तेथे राहत होते आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेऊन तेथे स्मारक केले. चॉक फार्म स्थानकावरून चालत जाता येते. वास्तू लहान आणि शांत आहे, त्यामुळे सासऱ्यांना तेथे निवांत वेळ मिळावा. मुलांना तुम्ही प्रिमरोझ हिलवर न्यावे. ती गवताळ टेकडी घरापासून अगदी जवळ आहे आणि माथ्यावरून सगळे शहर दिसते. निघण्यापूर्वी घर त्या दिवशी उघडे असल्याची खात्री तेवढी करून घ्यावी.