पोलराइज्ड गॉगल सायकलवर चालतो की नाही? शनिवारच्या आत उत्तर हवंय

रानजाई | सोमवार, रात्री ९:४०
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. तीन आठवड्यांपूर्वी सायकलसाठी म्हणून पोलराइज्ड गॉगल घेतला. श्रावणात सर येऊन जाते, लगेच लख्ख ऊन पडतं आणि ओला रस्ता असा झगझगतो की डोळे उघडे ठेवणं मुश्कील होतं. त्यासाठीच घेतला.

काल ताम्हिणीत उतारावर पडले. डोंगरातून आलेलं पाणी रस्ता ओलांडून पलीकडे जातं, तशी एक जागा. कडेला शेवाळं. मला ती ओल दिसलीच नाही. दिसली तेव्हा पुढचं चाक तिच्यात गेलेलं होतं. कोपर सोलवटलं, उजवा ग्लव्ह तळव्यापाशी फाटला, हँडल वाकडं झालं. मागून गाडी नव्हती हे नशीब.

मैत्रीण म्हणते, गॉगलमुळेच झालं, पोलराइज्ड काच ओल्या रस्त्याची चमकच मारते. गॉगल बदलून द्यायची मुदत शनिवारी संपतेय आणि रविवारी आम्ही आठजणी पुन्हा तिकडेच चाललोय. ठेवू की बदलू? हो किंवा नाही एवढंच सांगा.

घाटभैरव | सोमवार, रात्री ९:५८
बदला. फोटोक्रोमिक घ्या. मी चार वर्षं तोच वापरतोय. पहाटे पांढरा, उन्हात काळा, दुसरं काही बघायलाच नको. पोलराइज्ड गाडी चालवणाऱ्यांसाठी.

ब्रेवेवाला | सोमवार, रात्री १०:१०
घाटभैरव, हे काही पटलं नाही. मी दोनशे, तीनशे, चारशे किलोमीटरच्या सगळ्या ब्रेवे (ठराविक वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्या) पोलराइज्डवर केल्यात. दुपारी हायवेवर समोरून येणाऱ्या गाड्यांच्या काचा आणि बॉनेट डोळ्यांत घुसतात, तेव्हा पोलराइज्डसारखं सुख नाही. संध्याकाळी डोकं दुखत नाही. ताई, एकदा पडलात म्हणून चांगला गॉगल टाकू नका. टायरमध्ये हवा किती होती? ओल्यात मी दहा पीएसआय कमी ठेवतो.

सदाकाका | सोमवार, रात्री १०:३१
हेल्मेटखाली पुढे झाप असलेली सुती टोपी घाला. ऊनही अडतं, पाऊसही अडतो. गॉगलची गरजच पडत नाही. माझं वय ६८, अजून रोज तीस किलोमीटर जातो.

रानजाई | सोमवार, रात्री १०:४४
काका, टोपी आहे माझ्याकडे. ओला रस्ता खालून चमकतो, त्याला टोपी काय करणार?
ब्रेवेवाला, हवा नेहमीचीच होती. मला गॉगलबद्दल सांगा.

रत्नांग्रीकर | सोमवार, रात्री ११:०२
आम्ही खाडीवर गरवायला जातो तेव्हा पोलराइज्डच लावतो. पाण्यावरची चमक जाते आणि खालचा खडक, मासा, सगळं दिसतं. साध्या काळ्या काचेतून नुसतं आभाळ दिसतं पाण्यात. म्हणजे तुमची मैत्रीण चूक नाही. फक्त आमच्याकडे पाण्याखाली बघायचं असतं आणि तुम्हाला पाणी आहे हे बघायचं असतं. रस्त्यावर पाण्याखाली दिसणार काय, डांबरच.

डचपुणेकर | मंगळवार, पहाटे २:१५
रॉटरडॅमहून लिहितोय, इथे रोज ऑफिसला सायकलनेच जातो. रत्नांग्रीकरांशी सहमत. हिवाळ्यात सायकलपथावर पाणी गोठून पातळ काचेसारखा थर बसतो. तो ओळखायची खूण एकच, चमक. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी मी पोलराइज्ड घरी ठेवतो. इथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य जेमतेम १५ अंश वर येतो, त्यामुळे दिवसभर उजेड समोरून डोळ्यांतच. तरी घालत नाही.

भौतिकसर | मंगळवार, सकाळी ६:५०
अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून राहवत नाही. चमक जाते हे खरं, पण सगळीकडची सारखी जात नाही.

आडव्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश बराचसा आडव्या दिशेत ध्रुवित, म्हणजेच पोलराइज्ड होतो, त्याच्या लहरी बहुतांशी आडव्याच हलतात. गॉगलची काच तेवढाच भाग अडवते. पण पूर्ण ध्रुवीकरण एका ठराविक कोनालाच होतं, हा नियम ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने १८१५ साली मांडला. पाण्यासाठी तो कोन साधारण ५३ अंश, लंबापासून मोजलेला. म्हणजे आपली नजर रस्त्याशी ३७ अंशांचा कोन करते तिथे.

सायकलवर बसल्यावर डोळा जमिनीपासून दीड मीटरवर धरा. ३७ अंशांची नजर रस्त्याला दोन मीटरवर टेकते. पुढच्या चाकाच्या जरा पुढे. तिथली चमक गॉगल जवळजवळ पूर्ण पुसतो. पाच मीटरवर पाऊण भाग जातो. पंधरा मीटरवर मात्र नजर इतकी तिरपी असते की आडवा भाग साठ टक्क्यांच्या आतच उरतो. साधी काळी काचही सगळा प्रकाश सारखा कमी करते, तेव्हा त्या अंतरावर दोघींत फार फरक राहत नाही.

आता उतारावर ताशी ३५ चा वेग धरा. सेकंदाला जवळपास दहा मीटर. ओल टाळायची तर ती पंधरा-वीस मीटरवरून दिसायला हवी, दोन मीटरवर दिसून उपयोग नाही. आणि पंधरा-वीस मीटरवर पोलराइज्डने ती पूर्ण लपवली असं गणित म्हणत नाही. ताई, किती वाजता पडलात? ऊन होतं का तिथे?

घाटभैरव | मंगळवार, सकाळी ७:२०
सर, गणित कागदावर ठीक आहे. डिझेल सांडलेलं असतं तेव्हा रंगीत तवंग दिसतो म्हणून आपण वाचतो. पोलराइज्डमधून तो तवंग फिका होतो, मी स्वतः पाहिलंय.

भौतिकसर | मंगळवार, सकाळी ७:३५
जवळून बघितल्यावर फिका होतो, मान्य. मी तेच म्हणतोय. तुम्ही गाडीवरून उतरून, वाकून पाहिलं असणार.

घाटभैरव | मंगळवार, सकाळी ७:४१
पेट्रोल पंपावर पाहिलं होतं. बरं. तरी माझं मत फोटोक्रोमिकच.

रानजाई | मंगळवार, दुपारी १:१०
सकाळी आठ-सव्वाआठ. मधूनमधून ऊन येत होतं. पडले तिथे दोन्हीकडून झाडं वर मिळाली आहेत, त्यामुळे सावली. पण ही एवढी चौकशी कशाला? गॉगल चांगला आहे, महागाचा आहे.
आणि हो, सायकल कॉम्प्युटरचा पडदा पण त्यातून काळा दिसतो. मान तिरपी केली की दिसतो. तेही पोलराइज्डमुळेच ना?

ब्रेवेवाला | मंगळवार, दुपारी १:२५
हो, पडद्याच्या आत पण पोलराइज्ड फिल्मच असते. दोन फिल्मा एकमेकींना आडव्या आल्या की काळोख. माझा मीटर उभा लावला की दिसतो, आडवा लावला की बंद. तुमचा कुठला आहे आणि कसा बसवलाय?

नवं_पेडल | मंगळवार, दुपारी २:०५
माफ करा, मध्येच विचारतो. ३५ हजारांत हायब्रिड घ्यावी की सेकंडहँड रोडबाइक? ऑफिस हिंजवडीत, घर औंधला.

सदाकाका | मंगळवार, दुपारी २:३०
हायब्रिड. औंध ते हिंजवडी रस्ता पाहता जाड टायर हवेत. आणि टोपी घ्या.

काचघर | मंगळवार, रात्री ८:१५
माझं चष्म्याचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. कुणाची बाजू घेत नाही. रानजाई ताई, तीन गोष्टी सांगा, मग बोलू.
गॉगलच्या दांडीवर आतून बारीक अक्षरात १, २, ३ असा श्रेणीचा आकडा असतो. कुठला आहे?
तुम्हाला नंबर आहे का?
आहे तर गॉगलमध्ये घातलाय का?

पोलराइज्ड असणं वेगळं आणि काच किती गडद आहे हे वेगळं. श्रेणी ३ ची काच फक्त ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते. समुद्रावर, दुपारच्या रस्त्यावर छान. श्रेणी २ असेल तर १८ ते ४३. श्रेणी ४ घालून तर गाडी चालवायलाच मनाई असते.

रानजाई | मंगळवार, रात्री ९:०५
बॅटरी लावून बघितलं. ३ आहे.
नंबर आहे, दोन्ही डोळ्यांना उणे दीड. पण सायकलवर चष्मा लावत नाही, घामाने घसरतो आणि वर गॉगल बसत नाही. दूरचं मला बऱ्यापैकी दिसतं. गाड्या, माणसं, वळणं, सगळं.

काचघर | मंगळवार, रात्री ९:२०
ताई, पडण्याचं कारण मला तरी इथे दिसतंय. उणे दीड म्हणजे चष्म्याशिवाय साधारण ६५ सेंटिमीटरपर्यंत स्वच्छ, पुढचं सगळं थोडं पसरट. गाडी दिसते कारण ती मोठी आहे. रस्त्यावरची ओलीची कड, शेवाळ्याचा हिरवट पट्टा, खडी या बारीक खुणा असतात, आणि पहिल्यांदा त्याच पुसल्या जातात.

त्यात गडद काच. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, आणि बाहुली मोठी झाली की नंबर नसलेल्या डोळ्याला जास्तच पुसट दिसतं. म्हणून नंबरवाल्यांना संध्याकाळी त्रास होतो. तुम्ही उन्हातून झाडांच्या सावलीत शिरलात, तेव्हा ८-१८ टक्क्यांच्या काचेमागे जवळपास संध्याकाळच होती.

डचपुणेकर | मंगळवार, रात्री ९:५०
काचघर, हे पटलं. मग मी बर्फाबद्दल सांगितलं ते चूक का?

काचघर | मंगळवार, रात्री १०:०५
चूक नाही. चमक ही एक खूण आहे आणि ती पोलराइज्डने कमी होते. पण ताईंच्या बाबतीत बाकीच्या खुणाही गेल्या होत्या. हाताशी एकच खूण उरलेली, तिच्यातलाही काही भाग गेला.

रानजाई | बुधवार, सकाळी ६:३०
रात्री झोपताना हेच डोक्यात होतं. दहा वर्षं सायकल चालवतेय आणि नंबर लागून सहा. एकदाही हा विचार केला नाही. आता सांगा काय करू, रविवारला चार दिवस आहेत.

काचघर | बुधवार, सकाळी ९:१०
चार दिवसांत नंबरची रॅपअराउंड काच होईल असं धरू नका, त्या वाकलेल्या काचेत नंबर बसवायला वेळ लागतो आणि चुकला तर कडेला तिरपं दिसतं. गॉगलच्या आत बसणारं छोटं इन्सर्ट मिळतं, साध्या नंबरच्या काचा त्यात दोन दिवसांत होतात. किंवा तूर्त तुमचा नेहमीचा चष्मा, दांड्यांना मागून ताणपट्टी लावून. पट्टी पन्नास-शंभर रुपयांत येते. रविवारी घाटात हेच करा.

गॉगल बदलून द्यायला तयार असतील तर त्याच चौकटीत श्रेणी १ किंवा पारदर्शक काच मागा. पावसाळ्यात काळी काच लागतेच कुठे.

घाटभैरव | बुधवार, सकाळी ९:३०
म्हणजे फोटोक्रोमिक. तेच तर म्हणत होतो.

काचघर | बुधवार, सकाळी ९:४०
हो, चालेल, पण एक सांगतो. ती अतिनील किरणांवर काळी होते. काळी पटकन होते, पांढरी व्हायला काही मिनिटं घेते. उन्हातून एकदम बोगद्यात किंवा दाट सावलीत शिरलात तर पहिली काही मिनिटं काळीच राहते. खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना हे लक्षात ठेवा.

घाटभैरव | बुधवार, सकाळी ९:५५
हे मात्र खरं. कात्रजच्या जुन्या बोगद्यात मी नाकावर खाली ओढून वरून बघतो.

भौतिकसर | बुधवार, दुपारी ४:००
एक करून बघा, पाच मिनिटांचं काम. लॅपटॉपवर पांढरं पान उघडा, गॉगल पुढे धरून हळूहळू अर्धी फेरी फिरवा. एका जागी पडदा काळा झाला तर काच खरंच पोलराइज्ड. बाजारात नुसती काळी काच पोलराइज्ड म्हणून विकली जाते. मग पावसाने ओली झालेली फरशी गॉगल लावून आणि काढून बघा, पायापाशी आणि लांब. दोन मीटरवरची आणि पंधरा मीटरवरची चमक तुम्हालाच वेगळी दिसेल.

रानजाई | गुरुवार, रात्री ८:४५
केलं. लॅपटॉप पूर्ण काळा झाला, म्हणजे खराच आहे. ओल्या गच्चीवरही बघितलं. सर म्हणाले तसंच, पायापाशी चमक गायब आणि पलीकडच्या टाकीपाशी बरीचशी तशीच. मग चष्मा लावून तिथेच बघितलं. टाकीखाली पाणी गळून हिरवं झालंय, ते मला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. गॉगल नसतानाही नव्हतं. आठजणींपैकी दोघी माझ्यासारख्याच बिनचष्म्याच्या निघतात, त्यांना आत्ताच फोन केला.

आज दुकानात गेले. पूर्ण बदलून देत नाहीत, पण त्याच चौकटीत पारदर्शक काच जादा पैसे घेऊन देतायत. घेतली. पोलराइज्ड काच ठेवते, उन्हाळ्यात हायवेला लावेन. इन्सर्ट शनिवारी संध्याकाळी मिळेल, नाही मिळालं तर पट्टी घेऊन ठेवलीय.

ब्रेवेवाला | गुरुवार, रात्री ९:००
छान झालं. मीटर कुठला ते अजून सांगितलं नाहीत. ओल्यात हवा थोडी कमी ठेवा. आणि कोपर पूर्ण बरं असेल तरच उतारावर सुटा.

रानजाई | गुरुवार, रात्री ९:१२
मीटर स्टेमवर (हँडल धरणाऱ्या दांड्यावर) आडवा होता. उभा करून बघितला, दिसतोय. हवा कमी करते. त्या जागेवर उतरून सायकल हातात धरून जाणार आहोत, सगळ्याजणी.