रोज थोडा मेकअप करते, तर "नॅचरलच छान दिसतेस" वाल्यांना काय उत्तर द्यायचं?

काउंटरवाली, सांगली

नमस्कार मंडळी. विषय फालतू वाटेल पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. मी विश्रामबागला एका पतसंस्थेत काउंटरला असते. वय चौतीस, एक मुलगी. बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि ओठाच्या वर वांगाचे डाग आले ते आलेच, ओठावरचा तर असा की लांबून मिशी वाटावी. तेव्हापासून कामावर जाताना सनस्क्रीन, त्याच्यावर डाग झाकायला कन्सीलर, कॉम्पॅक्ट, काजळ आणि मातकट रंगाची लिपस्टिक एवढं करते, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत आवरतं. आणि मला ते करायला आवडतं, हे मुद्दाम सांगतेय, कारण ते कुणी धरतच नाही.

तर झालं काय, चुलत दिराच्या साखरपुड्यात आमच्या आतेसासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं कशाला एवढं थापतीस, देवानं दिलंय ते काय वाईट हाय व्हय." आणि लगेच नवऱ्या मुलीकडं बघून, "ती बघ कशी साधी, नॅचरल." आता ती नवरी दोन तास पार्लरमधे बसून आलेली, मला माहितीये कारण मीच तिला गाडीवरनं सोडून आलेले! सगळे हसले, आमचे हे पण हसले. घरी आल्यावर म्हणतात, मला तर तू बिनमेकअपचीच आवडतेस. बरं आहे ओ, आनंद आहे. पण मधे एकदा मुलगी तापानं फणफणली होती म्हणून काही न लावता तशीच कामावर गेले, तर साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी "बरं नाही का मॅडम" विचारलं आणि एका खातेदार आज्जींनी नोटा मोजता मोजता डागावर लिंबू चोळायला सांगितलं.

म्हणजे लावलं तर थापलं, नाही लावलं तर आजारी. तुम्ही लावता का, कशासाठी लावता, आणि ज्या अजिबात लावत नाहीत त्यांना आतून खरंच काही वाटत नाही का? मुलगी आता लिपस्टिक मागायला लागलीये, तिला काय सांगायचं तेही कळेना.

मिरजेची पार्लरवाली

ताई, त्या नवरीचा मेकअप ज्या पोरीनं केलाय तिला आतेसासूबाईंचं वाक्य नक्की सांगा, तिचा दिवस चांगला जाईल, कारण आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही.

आता माझ्याकडं येणाऱ्या नवरी मुलींचं सांगते. फोनमधे फोटो दाखवणार आणि म्हणणार, "ताई मेकअप केलाय असं दिसायला नको, पण डाग दिसायला नकोत, पिंपल दिसायला नको, आणि जरा उजळ." भडक करायचा असेल तर मला निम्मा वेळ लागतो. हे 'काहीच केलं नाही' वालं प्रकरण असतं ना, त्यात आधी डागाचा काळपटपणा मारायला केशरी करेक्टर, मग कन्सीलर पातळ, मग फाउंडेशन ओल्या स्पंजनं ठोकून ठोकून बसवायचं, घासायचं नाही, घासलं की खालचं करेक्टर निघून येतं. पैसेपण त्याचेच जास्त घेतो आम्ही. आणि मागं नवरीची आई उभी असते, ती हळूच म्हणते, "अजून एक हात मारा की, जरा गोरी दिसू दे." पोरगी गव्हाळ, सुरेख नाकीडोळी, आणि आईला पाहिजे चुना. मी मानेला, हाताला सगळीकडं लावत बसायचं मग. ह्या एका गोष्टीवर माझी भांडणं होतात, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, दोन शेड वर मी नेत नाही.

तुमच्या वांगावर नुसतं कन्सीलर लावलं की राखाडी दिसत असणार, म्हणून ते थापल्यासारखं वाटतं. खाली केशरी करेक्टरचा अगदी पातळ हात द्या, मग वरचं निम्म्यात भागतं. आणि शेड मनगटावर बघू नका, जबड्याच्या कडेला लावा आणि दुकानाच्या दाराबाहेर येऊन उजेडात बघा, आत ट्यूबलाइटमधे सगळंच मॅच होतं.

मी स्वतः सुट्टीच्या दिवशी तोंड धुऊन मोकळी. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात तोंड घालून बसल्यावर आपल्याला काही लावावं वाटत नाही हो.

शेतातली पोर, तासगाव

मी न लावणाऱ्यातली, म्हणून उत्तर द्यायचं कर्तव्य माझं.

वाटतं की. का नाही वाटणार. द्राक्षाच्या बागेत काम, फुल बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला रुमाल, तिथं लिपस्टिक कुणाला दाखवू, घडांना? पण लग्नकार्यात ग्रुप फोटो निघतो आणि सगळ्यांची तोंडं चमकतात आणि मी एकटी मधे काळवंडलेली दिसते तेव्हा एक क्षण चर्र होतं, खोटं कशाला बोलू. मग जेवणाची पंगत बसते आणि विसरते.

मला खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. आमच्या सासूबाई येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात, "आमची थोरली बघा, पावडरसुद्धा लावत नाही." हे माझं कौतुक नाही, हा धाकटीला मारायला केलेला दांडका आहे. धाकटी जाऊ कॉलेजात शिकवते, नीटनेटकी राहते, तिचं काय चुकलं? मी साधी राहते ती मला वेळ नाही आणि आवड नाही म्हणून, मी काही कुणावर उपकार करत नाही. एकदा मुद्दाम तिच्याकडनं भुवया आणि लिपस्टिक करून घेतली आणि सासूबाईंसमोर चहा घेऊन गेले. त्या काही बोलल्या नाहीत, पण दोनदा बघितलं 😄

कुपवाडकर९

मेकअप धुतल्यावर नवऱ्यानं ओळखलं नाही असं होऊ देऊ नका म्हणजे झालं 😂😂

मिरजेची पार्लरवाली

@कुपवाडकर९ दादा, दाढी काढल्यावर तुम्हाला कुणी ओळखतं का ते आधी बघा.

नाट्यवेडा, सांगली

पुरुष बोलला तर चालेल का, कारण मी इथं बहुतेकांपेक्षा जास्त रंग लावलेला माणूस आहे. राज्य नाट्य स्पर्धेला बरीच वर्षं उतरतोय.

आपण सांगलीकर नाट्यपंढरी म्हणून छाती काढतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला इथंच सीता स्वयंवर केलं, त्यात सीतापण पुरुषच. पुढं बालगंधर्व, जन्म १८८८, नागठाणे, आपलाच जिल्हा. त्यांचं लुगडं नेसणं, गजरा माळणं बघून चांगल्या घरच्या बायका तसं करायला लागल्या. म्हणजे आपल्या आज्ज्या पणज्यांपुढं बाईनं कसं दिसावं याचा नमुना कोण, तर रंग लावलेला एक पुरुष! आणि त्याच गावात आता बाईनं कन्सीलर लावलं की नैसर्गिक सौंदर्याची आठवण येते, कमाल आहे.

माझं वैयक्तिक सांगायचं तर पहिल्यांदा रंगभूषाकारानं डोळ्यात काजळ घातलं आणि आरशात बघितलं तेव्हा मी गप्पच झालो. माझे डोळे चांगले आहेत हे मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मलाही माहीत नव्हतं. प्रयोग झाला की सगळे खोबरेल तेल लावून रंग पुसतात, मीपण पुसला, पण काजळ जरा रेंगाळत काढलं. घरी गाडीवरनं जायचं होतं, गल्लीतले काय म्हणतील म्हणून शेवटी ते पण काढलंच. पुरुषाला कुणी "नॅचरल रहा" म्हणत नाही, कारण त्याच्याकडं कुणी बघतच नाही. केसांना आणि मिशीला डाय मारून फिरणारे आमच्या कट्ट्यावरचे काका मात्र बायकांच्या मेकअपवर तासभर बोलतात.

औषधांच्या दुकानातला

भावनांचं बाकीच्यांनी लिहिलंय, मी जरा रुक्ष लिहितो.

काउंटरवाली ताई, लिंबू अजिबात चोळू नका. त्वचा जळते, आणि लिंबू लावून उन्हात गेलं की डाग आणखी काळा पडतो. हळदीचं पण तेच सांगेन, सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला म्हणून ती वांगावरचं औषध होत नाही, तोंड पिवळं होईल एवढंच.

खरी भीती वेगळी आहे. काउंटरवर येऊन बायका (आणि पोरंपण, बरीच) एक क्रीम मागतात. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असतं, मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. डॉक्टरनं ठरावीक दिवस दिली तर ते औषध आहे. पण शेजारणीनं सांगितली म्हणून महिनोन्महिने फेअरनेस क्रीमसारखी फासली की आधी चेहरा उजळतो, सगळे "काय लावतेस" विचारतात, आणि बंद केली की लाली, जळजळ, पुरळ, कातडी पातळ, काहींना तोंडावर लव. २०१८ पासून असल्या स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत असा नियम आहे, तरी लोक भांडतात, "पलीकडचा देतो की." दुसरं, ज्या डबीवर कंपनीचा धड पत्ता नाही, घटक लिहिलेले नाहीत, त्या गोरं करणाऱ्या क्रीम घेऊच नका. असल्यांत पारा सापडलेला आहे आणि पारा किडनीला लागतो.

आणि आता तुमच्या कामाचं. वांग नुसत्या उन्हातल्या यूव्हीनं (अतिनील किरणांनी) वाढत नाही, डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशानंही वाढतो. साधं पांढरं सनस्क्रीन ह्या दुसऱ्याला फारसं अडवत नाही, पण रंग असलेलं, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते अडवतं. काउंटर खिडकीजवळ असेल तर काचेतून यूव्हीए आत येतोच, म्हणून आत बसूनही लावायचं. एसपीएफ ३० च्या पुढचं, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि दुपारी परत एकदा. म्हणजे ज्याला आतेसासूबाई थापणं म्हणतात, त्यातलं निम्मं औषध होऊ शकतं. पुढच्या वेळी डॉक्टरनं सांगितलंय म्हणा, तोंडं बंद होतील.

बाकी १९७५ पासून विकलेल्या त्या प्रसिद्ध क्रीमनं २०२० ला नावातलं 'फेअर' काढलं, पण गिऱ्हाईक आजही "ती गोरं व्हायची द्या" असंच म्हणतंय.

साताऱ्याची आज्जी

नातीनं वाचून दाखवलं, मी सांगते तसं ती टाइप करतीये.

आमच्या वेळी मेकअप नव्हता असं आताच्या पोरी म्हणतात. असं कसं? माझी आई अंघोळ झाली की फडताळातनं मेणाची डबी काढायची. बोटानं कपाळावर मेणाचा गोल ठिपका, तो अगदी वाटोळा झाला पाहिजे, मग त्याच्यावर पिंजर, म्हणजे कुंकवाची पूड, दाबायची आणि नाकावर सांडलेली पदराच्या टोकानं झटकायची. काजळ घरी पाडायचं, दिव्यावर ताटली पालथी धरून, मग काजळीत तूप घालून डबीत. लग्नकार्याला स्नो आणि पावडर. हनुवटीवर तिच्या गोंदलेलं होतं, ते तर पुसायची सोयच नाही. हे सगळं करून ती साधी बाई.

माझे वडील गेले तेव्हा ती चाळिशीची नव्हती. तेराव्याच्या आधीच ती मेणाची डबी कुणीतरी फडताळातनं उचलून नेली. कुणी नेली ते आम्हाला कधी कळलं नाही आणि आईनं विचारलंही नाही. तिचं कपाळ उघडं झालं ते मला शेवटपर्यंत बघवलं नाही. तेव्हा नॅचरल छान दिसतेस म्हणायला कुणी आलं नाही बाई.

हे गेल्यावर मी टिकली काढली नाही. जावा बोलल्या, बोलू दे. आता टिकलीच्या जागी पांढरा डाग पडलाय, त्याला नात तिचं ते कन्सीलर लावून देते आणि वर टिकली. तू लाव गं. आवडतं ना, लाव.

औषधांच्या दुकानातला

आज्जी, टिकली तेवढी बंद करा बरं का. काही टिकल्यांच्या गोंदात एक रसायन असतं, त्यानं त्या जागचा रंग जातो. हा डाग त्यातलाच असेल तर टिकली चालू ठेवली की वाढेल. त्वचेच्या डॉक्टरला एकदा दाखवा. तोपर्यंत बिनगोंदाचं चांगलं कुंकू चालतंय का तेही त्यांनाच विचारा.

साताऱ्याची आज्जी

मेण मिळंल का तुझ्या दुकानात?

काउंटरवाली, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. आज्जींचं मी परत परत वाचलं, त्यावर काय लिहू कळत नाही.

मेडिकलवाले दादा, रंगीत सनस्क्रीन आणतेच. पण "डॉक्टरनं सांगितलंय" हे मी म्हणणार नाही बघा. वांगाचं ठीक आहे, ते औषध धरा, पण मातकट लिपस्टिकला कुठल्या डॉक्टरनं सांगितलंय? ती मला आवडते म्हणून आहे. प्रत्येक गोष्टीला आजाराची चिठ्ठी जोडली तरच माफ, असं मला नकोय. उद्या वांग गेला तर लिपस्टिक पण सोडू का मग?

आणि तासगावच्या ताई, तुमचं वाचून एक लक्षात आलं, की त्या साखरपुड्यात ती नवरी पण माझ्यावर दांडक्यासारखीच वापरली गेली, तिचा बिचारीचा काही संबंध नव्हता. तिला फोन करून सांगितलं, ती म्हणते, "वहिनी मला तर वाटलं तुमचाच मेकअप माझ्यापेक्षा चांगला बसलाय." ह्यांना थ्रेड वाचायला दिला. डायवाल्या काकांपाशी थांबले, कारण स्वतः मिशीला लावतात 😄

मुलीचं असं ठरवलंय की घरी खेळताना ओठाला लावायची, शाळेला नाही. "मग तू कामाला का लावून जातेस" म्हणाली, तर म्हटलं मी मोठी आहे. पटलं नाही तिला, तोंड फुगवून बसलीये.

पार्लरवाल्या ताई, करेक्टर गव्हाळ रंगाला केशरीच ना? दुकानात पीच कलरचं पुढं करत होता.

मिरजेची पार्लरवाली

केशरीच. पीच गोऱ्या कातडीला, आपल्याला पांढुरकं पडतं. छोटीच डबी घ्या, वर्षभर संपत नाही, आणि ओठावरच्या डागाला बोटानं नको, बारीक ब्रशनं लावा, नाहीतर लिपस्टिकच्या कडेत मिसळतं.